घडी मिटेना, मिटली तर उघडेना

भाचीसाठी केलेल्या, गेममधल्या एका खोट्या हत्याराची घडी रंगवल्यावर पहिल्यांदा मिटली तेव्हा मी इतकी खूश झाले, की तशीच मिटलेली कपाटावर ठेवून झोपायला गेले. सकाळी बघते तर उघडेना. आधी वाटलं बोल्ट जाम झाला असेल. ढिला केला, तरी नाही. शेवटी जमिनीवर बसून मूठ दोन्ही पायांत धरली आणि पातं दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा चर्रर्र आवाज करत ते सुटलं. बघितलं तर रात्री उशिरापर्यंत बसून दिलेला चंदेरी रंग पात्यावरून सोलून निघालेला, आणि मुठीच्या आतल्या अंगाला त्याचा उलटा ठसा. दाते सुद्धा मोजता येतील असा.

'ब्लडबोर्न' नावाचा गेम आहे, फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा. २०१५ साली प्लेस्टेशन ४ वर आला. यार्नम नावाचं एक अंधारं शहर, माणसांची जनावरं झालेली आणि त्यांची शिकार करणारे तुम्ही. सुरुवातीलाच तीन हत्यारांतून एक निवडायला मिळतं: कुऱ्हाड, काठी आणि सॉ क्लीव्हर. तिन्हींची गंमत अशी, की एल-१ बटण दाबलं की हत्यार रूप बदलतं. काठीचा साखळीदार चाबूक होतो, कुऱ्हाडीचा दांडा लांब होतो. सॉ क्लीव्हर मिटलेलं असताना करवत असतं. झटका दिला की उघडून लांबलचक सुरा. न्हाव्याचा जुना वस्तरा आठवा. तो हाताच्या लांबीचा करा, त्याला मगरीसारखे दाते लावा, की झालं सॉ क्लीव्हर. आमच्या घरात त्याचं नाव 'करवत' पडलं, तर पुढं मीही तेच वापरते.

हे खूळ माझ्या भाचीचं. तिला कॉस्प्लेच्या, म्हणजे गेम-सिनेमातल्या पात्रांचा वेश करून जमायच्या, एका मेळाव्यात शिकारी बनून जायचं होतं. टोपी आणि कोट तिचा तिनं जमवला. "आत्या, तुझ्याकडे फोमचं सगळं सामान आहे ना? मग करवत तू कर." मी याआधी एक ढाल केली होती आणि खांद्याचं चिलखत केलं होतं, त्यामुळे हो म्हणून टाकलं. आणि वर, कोणी विचारलं नसताना, "उघडणारी-मिटणारीच करू या की" असंही मीच म्हणाले. एक महिना पुरेल असा माझा अंदाज होता. तीन लागले.

आधी मापं. गेममध्ये मापं कोण देतं? मी कन्ट्रोलरवरचं शेअर बटण दाबून भरपूर चित्रं घेतली आणि हिशेब केला. शिकारी सरळ उभा असताना पडद्यावर ४१२ पिक्सेल उंच. त्याला १७५ सेंमीचा माणूस धरलं, तर एक पिक्सेल म्हणजे साधारण सव्वाचार मिलिमीटर. पहिल्या चित्रात पातं १९० पिक्सेल भरलं, म्हणजे ८० सेंमी! भाचीच्या कमरेपर्यंत येईल एवढं. दुसऱ्या चित्रात तेच पातं १३१ पिक्सेल. घोळ उघड होता, पण माझ्या लक्षात यायला दोन दिवस गेले. पहिल्या चित्रात हत्यार कॅमेऱ्याच्या पुढ्यात आलेलं होतं. जवळची वस्तू मोठी दिसणारच. शरीर आणि हत्यार कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील तीच चित्रं धरायची, बाकीची टाकायची. तसं केल्यावर पातं ५५ सेंमी आणि मूठ ५० सेंमी यावर गाडी थांबली.

मग पुठ्ठा. पुठ्ठ्याची दोन तुकड्यांची करवत करून मध्ये टाचणी मारली आणि उघडझाप करून बघितली. एक गोष्ट तेव्हा कळली जी शंभर तास खेळून कळली नव्हती. मिटलेली असताना दाते समोरच्याच्या अंगाकडे असतात. पातं अर्धा फेरा घेऊन उघडलं की तेच दाते मागे, म्हणजे धरणाऱ्याच्या बाजूला येतात, आणि पुढे येते ती गुळगुळीत कड. गेममध्येही हिशेब तसाच आहे: दात्यांमुळे जनावरांवर होणारा जादा घाव फक्त मिटलेल्या रूपात मिळतो, उघडल्यावर नाही. इतकी वर्षं मला तो गेम बनवणाऱ्यांचा समतोल साधण्याचा नियम वाटायचा. टाचणी भोवती पुठ्ठा फिरवला तेव्हा कळलं, भूमितीच तशी आहे.

पुठ्ठ्याची करवत झकास मिटायची, झकास उघडायची. ती टाचणीच माझी दिशाभूल करून गेली. पुठ्ठ्याला जाडी जवळपास नसतेच, त्यामुळे काहीही कशातही मिटतं. गेममधलंही तसंच आहे. पडद्यावरचं पातं मुठीत घुसलं तरी कोणाचं काही घासत नाही. खऱ्या वस्तूला जाडी असते. माझं पुढचं सगळं रडगाणं त्या एका वाक्यात आहे.

रचना मी वस्तऱ्याचीच घेतली. मूठ म्हणजे दोन लांब फळ्या, त्यांच्यामध्ये फट, फटीत पातं. एका टोकाला आरपार बोल्ट, तीच बिजागरी. दुसऱ्या टोकाला दोन फळ्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा, म्हणजे फळ्या एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर राहतात.

पहिली करवत एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची केली, कारण ते घरात पडलेलं होतं. ९ मिलिमीटर जाड. काम सोपं, कडा गुळगुळीत, पण वजन सव्वा किलो. सव्वा किलो ऐकायला काही नाही. उघडून आडवी धरून बघा. मनगट अर्ध्या मिनिटात बोलायला लागतं. भाचीनं दोनदा फिरवली आणि म्हणाली, "आत्या, हिनं जनावर मरेल की नाही माहीत नाही, मी नक्की मरेन." एमडीएफ बाद. दुसऱ्यांदा पात्याच्या आत ६ मिलिमीटरचा प्लाय, त्याच्या दोन्ही अंगांना ५-५ मिलिमीटरचा ईव्हीए फोम, चपलेच्या तळाला असतो तसला. दाते तर फक्त फोमचे, त्यांच्यात लाकूड नाहीच, म्हणजे कोणाला लागले तरी वाकतील. मुठीच्या फळ्या पण प्लायच्या. सगळं मिळून वजन साडेसहाशे ग्रॅम.

बिजागरीसाठी ८ मिलिमीटरचा बोल्ट घेतला, प्लायला भोक पाडलं, बोल्ट घातला, नट आवळला. आवळला की पातं हलेना. ढिला केला की लोंबायला लागे. मधली जागा सापडली तरी चार-पाच वेळा उघडझाप केली की नट आपोआप सुटून यायचा. एकदा तर नट घरंगळत पलंगाखाली गेला आणि पातं माझ्या पायावर पडलं.

इथं दादाला फोन केला. दादा मशीन शॉपमध्ये आहे. त्याला गेम, कॉस्प्ले यातलं ओ की ठो कळत नाही. व्हिडिओवर दाखवलं. त्यानं पाहिलं आणि पहिला प्रश्न, "वॉशर कुठायत?"

"आहेत ना, दोन."

"ते वॉशर नाहीत, टिकल्या आहेत. आणि भोकात बुश?"

"बुश नाही."

"मग काय लाकडावर लोखंड घासतीयस? महिन्याभरात ते भोक अंड्यासारखं होईल."

महिना लांबच, ते आठवड्यातच झालं होतं. पण हे मी त्याला सांगितलं नाही.

दादानं सांगितलेल्या तीन गोष्टी केल्या. भोक १० मिलिमीटरचं करून त्यात पितळी नळीचा तुकडा, म्हणजेच बुश, ठोकून बसवला, आतून ८ चा. आता बोल्ट पितळेत फिरतो, लाकूड झिजत नाही. दुसरं, साध्या नटाच्या जागी नायलॉक नट, ज्याच्या आत नायलॉनचं कडं असतं. ते आट्यांना घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे नट हवा तिथं राहतो. पर्याय म्हणून चेकनट, म्हणजे एका नटावर दुसरा आवळून दोघांना एकमेकांत अडकवायचं, पण ते टोकाला भुंड्या शिंगासारखं दिसलं असतं. तिसरी गोष्ट वॉशरची, आणि तिच्यातलं गणित मला खरोखर आवडलं.

माझा वॉशर १६ मिलिमीटर रुंद होता. पातं ५५ सेंमी. वॉशरच्या रुंदीत अर्ध्या मिलिमीटरची जरी डुगडुग असली तरी पात्याच्या टोकाला ती ५५० भागिले १६, म्हणजे चौतीसपट होऊन पोचते. सतरा मिलिमीटर! माझ्या करवतीचं टोक दोन्ही फळ्यांवर आपटत होतं ते यामुळे. वॉशर ४० मिलिमीटरचा घेतला तर तीच डुगडुग टोकाला सात मिलिमीटरवर येते. म्हणून दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटरचे नायलॉनचे चपटे वॉशर घातले. टोक शहाण्यासारखं मध्ये चालायला लागलं.

आता अडकण. मिटलेली करवत मिटलेलीच राहायला हवी आणि उघडलेली उघडीच. शिवाय उघडताना पातं कुठंतरी थांबायला हवं, नाहीतर ते गोल फिरून पलीकडे जाईल.

थांबण्यासाठी पात्याला बोल्टच्या मागे ८ सेंमीचं शेपूट ठेवलं. पातं पूर्ण उघडलं की हे शेपूट मुठीच्या फटीत जाऊन एका ठोकळ्यावर टेकतं. पहिला ठोकळा मी नुसता चिकटवला होता. भाचीनं गेममधल्यासारखा हिसका दिला, पातं उघडलं, शेपूट ठोकळ्यावर आदळलं आणि ठोकळा सुटून भिंतीवर. बरोबरच आहे; अर्धा किलो वजन अर्धा फेरा घेऊन येतंय, ते काय गोंदावर थांबणार? मग त्या ठोकळ्यातूनही एक ६ मिलिमीटरचा बोल्ट आरपार घातला. आता धक्का गोंद खात नाही, बोल्ट खातो. मध्यंतरी आवाज कमी व्हावा म्हणून ठोकळ्याला रबरी नळीचा तुकडा लावून पाहिला होता. आवाज कमी झाला, पण 'खट्' जाऊन 'ठप्प' आला. भाचीला 'ठप्प' चालेना. रबर काढलं.

लोहचुंबकांनी मला सगळ्यात जास्त रडवलं. निओडिमियमचे छोटे गोल चुंबक मिळतात, नखाएवढे, पण बोट चिमटीत सापडलं तर रक्त साकळेल इतके जोरदार. मी ते बिजागरीजवळ बसवले, बोल्टपासून अडीच सेंमीवर. पात्याच्या अंगाला एक आणि फळीच्या आतल्या अंगाला एक. समोरासमोर आले की धरतील, असा विचार. धरलं काहीच नाही. पातं आडवं केलं की सावकाश मान टाकायचं, वर्गात डुलकी लागलेल्या पोरासारखं.

कागद घेऊन बसले तेव्हा कळलं. पात्याचं वजन ५०० ग्रॅम आणि त्याचा तोल बोल्टपासून २५ सेंमीवर. म्हणजे ते पाडायला बघणारा जोर साडेबारा हजार ग्रॅम-सेंमी. अडीच सेंमीवरून तो पेलायचा तर चुंबकाला पाच किलोंची ओढ हवी. तोच चुंबक शेपटाच्या टोकाशी, ७ सेंमीवर नेला तर पावणेदोन किलो पुरते. दार बिजागरीजवळ ढकलून बंद करायचा प्रयत्न ज्यानं केलाय त्याला हे गणिताशिवाय कळतं. मला गणित मांडावं लागलं.

आणि दुसरी चूक त्याहून ठळक. चुंबक एकमेकांवरून घसरत जातील असे लावले होते. दोन चुंबक सरळ ओढून तोडायला जोर लागतो, पण बाजूला सरकवायला त्यापेक्षा पुष्कळ कमी. मुलंसुद्धा ते खेळता खेळता शिकतात. त्यात मध्ये फट. जरासं अंतर वाढलं की चुंबकाची पकड झपाट्यानं उतरते. म्हणून नवीन चुंबक शेपटाच्या टेकणाऱ्या तोंडावर बसवला आणि त्याचा जोडीदार ठोकळ्याच्या तोंडावर. आता ते घसरत नाहीत, तोंडाला तोंड लावून भेटतात.

पहिल्या भेटीत एकमेकांना ढकललं. एक उलटा चिकटवला होता. इपॉक्सी गोंद लावून, रात्रभर वाळवून, वरून फोम लावून झाल्यावर हे कळावं, यासारखं दुःख नाही. कोरून काढला. तेव्हापासून चुंबक हातात आला की आधी त्याच्या तोंडावर पेनानं फुली मारते, मग बाकीचं.

तिसऱ्यांदा सगळं बरोबर बसलं, आणि मग मी फोमला हीट गन मारली. फोमची छिद्रं बंद व्हावीत, वर रंग नीट बसावा म्हणून गरम हवा मारतात. फोम हलका चकाकायला लागला की पुढे सरकायचं. शेपटापाशी मी जरा जास्तच रेंगाळले, कारण तिथली कड मनासारखी येत नव्हती. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या वर गेले की आपली ताकद गमावू लागतात, आणि हीट गनची हवा काही शे अंशांची असते. थंड झाल्यावर ते चुंबक होते, पण नावाला. चौथी जोडी बसवली ती हीट गनचं काम पुरतं संपल्यावर.

फोमकाम त्या मानानं सोपं. तिथं धीर आणि धारदार ब्लेड एवढंच भांडवल. बोथट ब्लेड फोमला कापत नाही, ओरबाडतं; मी दर दोन-तीन दात्यांमागे ब्लेड दगडावर घासत होते. दाते तेवीस. गोंद म्हणजे कॉन्टॅक्ट सिमेंट, दोन्ही अंगांना लावायचं, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग जोडायचं. घाई केली तर चिकटत नाही, आणि एकदा चिकटलं की सरकत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, मास्क लावा. त्याच्या वासानं डोकं धरतं. फोम घासताना उडणारी पूड तर मला केसांत आठवडाभर सापडत होती.

आता त्या रात्रीकडे येते.

पातं फोमसकट १६ मिलिमीटर जाड होतं. ६ अधिक ५ अधिक ५. म्हणून मुठीतली फट मी १७ ठेवली. दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर मोकळा. न रंगवलेली करवत त्या फटीत लोण्यासारखी जायची. मी त्या फटीवर इतकी खूश होते की भाचीला व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीनं, मोजून दाखवली.

मग रंगकाम. फोमवर पांढऱ्या गोंदाचे पाण्यात कालवलेले चार हात, दोन हातांच्या मध्ये वाळवणं. त्यावर प्रायमरचे दोन हात. त्यावर काळा. काळ्यावर चंदेरी, तो मात्र ब्रश जवळजवळ कोरडा करून नुसता फिरवायचा, म्हणजे रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि खळगे काळे राहतात. फोमचं लोखंड होतं ते तिथं. मग स्पंजनं तांबूस गंज. मग पातळ काळं पाणी सोडून लगेच पुसून घ्यायचं, की दात्यांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षांची काजळी बसल्यासारखी दिसते. या कामात वेळ कुठे जातो कळत नाही. रात्रीचे दोन वाजले. करवत इतकी खरी दिसायला लागली की मी तिला धार आहे का ते अंगठ्यानं बघितलं. फोमला!

मिटवून बघितली. थोडी घट्ट वाटली. जोर लावला, मिटली. नवीन वस्तू आहे, सैल होईल हळूहळू, असं म्हणून कपाटावर ठेवली.

सकाळचा प्रकार सुरुवातीला सांगितलाच. व्हर्नियर लावला तर पातं १७.१. गोंद, प्रायमर, रंग. प्रत्येक हात कागदाएवढा, पण पात्याला दोन अंगं आहेत आणि प्रत्येक अंगावर आठ-नऊ हात. माझा एक मिलिमीटर मीच रंगवून खाल्ला होता. वर आणखी एक: ॲक्रिलिक रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला बरेच दिवस घेतो. तोवर असे दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबून ठेवले तर ते एकमेकांना चिकटून बसतात. नव्यानं रंगवलेली खिडकी बंद केली की पुन्हा उघडताना कशी चिकटलेली असते, तसंच. मी ते रात्रभर, जोर लावून, दाबून ठेवले होते.

दादाला फोन केला नाही. त्याचा प्रश्न मला माहीत होता.

पातं पातळ करणं शक्य नव्हतं, म्हणून फट मोठी केली. मागचा ठोकळा १७ चा होता, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या चकत्या लावल्या. एकूण १९. पण मग बोल्टपाशी पण तेवढंच वाढवायला हवं, नाहीतर फळ्या एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला आवळलेल्या. फट पाचरीसारखी होणार. तिथं आधीचे अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर काढून जाड वॉशर टाकले आणि वॉशरखालचा रंग पुरता खरवडला. आता बोल्टपाशी पात्याला फक्त वॉशर शिवतो, आणि तिथून पुढे टोकापर्यंत पात्याच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ एकेक मिलिमीटर हवा. मुठीच्या आतल्या अंगाला मी चंदेरी रंग दिलाच नाही. तिथं कोण बघतंय? नुसता पातळ काळा, आणि वरून मेणबत्ती घासली. पातं पुन्हा रंगवलं, यावेळी गोंदाचे दोनच हात, आणि मग उघडं टांगून ठेवलं. दहा दिवस. रोज ऑफिसातून आले की त्याच्याकडे बघायचं आणि हात लावायचा नाही, हे सगळ्या कामातलं सर्वांत कठीण काम होतं.

मुठीला कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. जुनी चादर फाडली, कॉफीच्या पाण्यात बुडवून मळकी केली. कापड गुंडाळण्याआधी एकदा विचार केला, आणि बरं झालं केला: पट्टी दोन्ही फळ्यांवरून एकत्र गुंडाळली तर फट बंद होते आणि पातं मिटायला जागाच राहत नाही. म्हणून मागच्या ठोकळ्यापर्यंतचा भाग तेवढा एकत्र गुंडाळला आणि पुढे प्रत्येक फळी वेगळी. कापडाची जाडी आतल्या अंगाला येऊ नये म्हणून तिथं ते कडेलाच दुमडून चिकटवलं. या वेळी व्हर्नियर आधी हातात घेतला.

अकराव्या दिवशी भाची आली. मूठ धरली, मनगटाला एक झटका. खट्. पुन्हा झटका, मिटली. खट्. मग तिनं ते बहुधा चाळीस वेळा केलं. मी मोजत नव्हते, मी चुंबकांकडे कान लावून बसले होते. एकदा माझ्या हातात घेतली तेव्हा मिटताना अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी फटीत सापडली. तो लाल डाग आठवडाभर मिरवला. मिटवताना हात ठोकळ्याच्या मागे ठेवायचा, हा नियम त्या दिवसापासून.

मेळाव्याच्या दारात हत्यारं तपासायला एक टेबल होतं. तिथला मुलगा कामाला अगदी पक्का. दाते वाकवून बघितले, टोक दाबून बघितलं, वजनाचा अंदाज घेतला, बोल्टची डोकी कुठे बाहेर आली आहेत का ते बोट फिरवून पाहिलं. सगळं पसंत. मग त्यानं भाचीला विचारलं, "उघडतं का हे?"

भाचीनं मोठ्या अभिमानानं झटका दिला. खट्. मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे वा" म्हणालं.

"भारी आहे," तो म्हणाला. "मिटवा. बांधावं लागेल. आत गर्दीत उघडायचं नाही."

तीन महिने. चार जोड्या चुंबक. तो टेबलाखालून नारिंगी रंगाची प्लास्टिकची पट्टी काढेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. पट्टी मुठीभोवती घालायची तर पात्याच्या खालून नेणं भाग होतं. त्यानं पट्टीचं टोक फळी आणि पातं यांच्यामध्ये लावलं, जरा ढकललं. घासत, पण गेलं. पलीकडून बाहेर आलं.

"बऱ्याच जणांच्यात पट्टी जातच नाही," तो म्हणाला, "मग वरून चिकटपट्टी मारावी लागते, रंग जातो. तुमच्यात बरोबर जागा ठेवलीय."

भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी दादाला फोटो पाठवला, पट्टीसकट. त्याचं उत्तर संध्याकाळी आलं: "वॉशर दिसत नाहीयेत."